अंधारात निरुपद्रवी, पण उजेडात? प्रकाशसंवेदी नॅनोपदार्थ आणि मानवी पेशी

कवडसा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी पेशींच्या कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, काम करते. प्रकाशसंवेदी नॅनोपदार्थांवरचे (प्रकाश पडला की क्रियाशील होणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचे) शोधनिबंध वाचताना एक दावा नेहमी भेटतो: पदार्थ मानवी पेशींसाठी सुरक्षित आहे, कारण ९० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत राहिल्या. मग प्रयोगाची पद्धत वाचली की कळते, पेशी आणि कण २४ तास इन्क्युबेटरमध्ये होते. म्हणजे अंधारात. ज्या पदार्थाचे सगळे काम उजेड पडल्यावर सुरू होते त्याची परीक्षा अंधारात घ्यायची आणि त्यावर 'सुरक्षित' असा शिक्का मारायचा, हे मला अजिबात पटत नाही. त्यासाठीच हा धागा.

आधी थोडे मूलभूत. टायटॅनियम डायऑक्साइड घेऊ, कारण तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. रंगात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये तो असतो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की या पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पडला तर पाण्याचे विघटन होते. त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश. उन्हातल्या अतिनील-ए किरणांत तो असतोच. असा प्रकाश पडला की कणातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला मिळाला की सुपरऑक्साइड तयार होतो. रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते तेव्हा हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) तयार होतो. हा मूलक कमालीचा आक्रमक असतो. जिथे जन्मतो तिथून काही नॅनोमीटरच्या आत जे सापडेल त्याच्यावर तुटून पडतो, मग ते पेशीपटलातले मेद असो, प्रथिन असो की डीएनए.

या 'काही नॅनोमीटर'कडे लक्ष द्या. आपली पेशी साधारण १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे त्या अंतराच्या हजारो पट मोठी. त्यामुळे कण नेमका कुठे बसला आहे यावर सगळे ठरते. पेशीबाहेर तरंगणारा कण, पेशीपटलाला चिकटलेला कण आणि लायसोसोमच्या (पेशीतला कचरा पचवणाऱ्या आम्लयुक्त) पिशवीत जाऊन पडलेला कण हे एकाच पदार्थाचे असले तरी धोक्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळे प्रकाशसंवेदी कण याच मार्गाने त्रास देतात असेही नाही. सोन्याचे कण प्रकाश शोषून तापतात. कॅडमियम या विषारी धातूचे क्वांटम डॉट (प्रकाश पडला की ठरावीक रंगात चमकणारे अतिसूक्ष्म अर्धवाहक कण) प्रकाशाने झिजून धातूचे आयन सोडू शकतात. पॉर्फिरिनसारखे प्रकाश शोषणारे रेणू वाहून नेणारे कण सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे जास्त ऊर्जेचे, आक्रमक रूप) तयार करतात आणि तो साधारण १०० नॅनोमीटरपर्यंत जाऊ शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे की 'हा पदार्थ सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या प्रकाशात, किती मात्रेत, शरीरात कुठे, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. प्रयोगात किमान चार गट हवेत: काहीच न दिलेल्या पेशी अंधारात, काहीच न दिलेल्या पेशी उजेडात, कण दिलेल्या अंधारात आणि कण दिलेल्या उजेडात. यातला दुसरा गट गाळण्याची सवय फार आहे आणि ती घातक आहे. कल्चर मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवात) रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, असते. निळ्या प्रकाशात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. म्हणजे कण नसतानाही पेशी आजारी पडू शकतात, आणि दोष मात्र कणांवर जातो.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद सगळे येऊ द्या.

---

निळीशाई

लेख आवडला, पण वाचून पोटात गोळा आला. मी रोज सनस्क्रीन लावते, मुलीलाही लावते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आहे असे बाटलीवर लिहिलेले आहे. उन्हात जाण्यासाठीच तर ते लावायचे! मग आम्ही त्वचेवर मूलकांचा कारखाना लावून फिरतो आहोत का?

---

कवडसा

निळीशाई, सनस्क्रीन थांबवू नका, हे सगळ्यात आधी. अतिनील किरणांनी त्वचेच्या डीएनएला होणारी इजा पक्की सिद्ध झालेली आहे आणि सनस्क्रीन ती कमी करते.

तुमची शंका मात्र रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती पडली होती. १९९७ साली डनफर्ड आणि सहकाऱ्यांनी सनस्क्रीनमधून काढलेला टायटॅनियम डायऑक्साइड डीएनएसोबत ठेवून त्यावर प्रकाश टाकला, तेव्हा डीएनएला इजा झालेली दिसली. मानवी पेशींमध्येही दिसली. त्यानंतर या क्षेत्राने दोन बाजूंनी काम केले. एक, कणांवर सिलिका, अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकोनचा थर चढवणे, म्हणजे तयार झालेले इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा पृष्ठभागावरच्या पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. अ‍ॅनाटेजऐवजी तुलनेने मंद असलेले रूटाइल हे रूप वापरणे हाही त्याचाच भाग. दोन, कण त्वचेत किती खोल जातात ते मोजणे. धडधाकट त्वचेवर ते बहुतांशी सर्वात वरच्या थरात राहतात असे दिसले आहे. त्या थरातल्या पेशी मेलेल्याच असतात. जिवंत पेशी त्याच्या खाली. आणि वर म्हटल्याप्रमाणे मूलकांना काही नॅनोमीटरच्या पुढे जाता येत नाही.

युरोपीय संघाच्या ग्राहक सुरक्षा वैज्ञानिक समितीने सनस्क्रीनमध्ये नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड २५ टक्क्यांपर्यंत चालेल असे म्हटले, पण कणांचा प्रकार आणि त्यांच्यावरचा थर याच्या अटी घालून. फुफ्फुसात जाऊ शकेल अशा फवाऱ्यांना मात्र समितीने मान्यता दिलेली नाही. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध नियामक संस्थेने) २०१९ च्या प्रस्तावात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच घटकांना सुरक्षित आणि परिणामकारक गटात ठेवले होते.

तेव्हा क्रीम किंवा लोशन वापरा. मुलीच्या तोंडावर स्प्रे मारू नका, आणि खरचटलेल्या किंवा भाजलेल्या त्वचेवर लावू नका.

---

स्फटिक

रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी भर. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विषारीपणाचे कितीतरी प्रयोग 'पी-२५' नावाच्या पावडरीवर झाले आहेत. कण साधारण २१ नॅनोमीटरचे, चार भाग अ‍ॅनाटेज आणि एक भाग रूटाइल असे काहीसे मिश्रण, वर कसलाही थर नाही. ही पावडर प्रकाशउत्प्रेरणासाठीच (प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया वेगाने घडवण्यासाठीच) नावाजलेली आहे, सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जाळणे वगैरे. तिच्यावरचे निष्कर्ष जसेच्या तसे सनस्क्रीनला लावणे चूक. आणि उलट, सनस्क्रीनमधले कण बरे निघाले म्हणून हवा शुद्ध करणाऱ्या उघड्या प्रकाशउत्प्रेरक लेपालाही बरे म्हणणे तितकेच चूक. नाव एक, पण वागणूक वेगळी.

झिंक ऑक्साइडबद्दल एक गोष्ट राहिली. त्याचीही प्रकाशाची भूक अतिनील पट्ट्यातच आहे, पण पेशींसाठी मुख्य अडचण बहुधा प्रकाशाची नसते. ते आम्लात विरघळते. लायसोसोमचा पीएच ४.५ ते ५, त्यामुळे कण आत गेला की जस्ताचे आयन सुटतात आणि पेशीला ते प्रमाणाबाहेर झाले की सोसत नाहीत. अंधारातही. इथे चार गटांचा प्रयोग फार उपयोगी पडतो: अंधारातल्या आणि उजेडातल्या पेशी सारख्याच मरत असतील तर प्रकाशाला दोष देऊ नये, विरघळलेले जस्त मोजावे.

---

भटकीनजर

पण युरोपने टायटॅनियम डायऑक्साइडवर बंदी घातली ना? बातमी वाचल्याचे पक्के आठवते.

---

कवडसा

भटकीनजर, ती बंदी खाद्यपदार्थांतल्या पांढऱ्या रंगाची, ई-१७१ ची. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये म्हटले की हा रंग यापुढे सुरक्षित मानता येणार नाही, कारण जनुकीय इजेची शक्यता नाकारता येत नाही. मग २०२२ मध्ये बंदी आली. त्यात प्रकाशाचा संबंध नाही, आतड्यात ऊन पोचत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या २-ब गटात ठेवले आहे, ते श्वासातून जाणाऱ्या धुळीच्या प्राण्यांवरील प्रयोगांवरून. त्वचा, आतडे आणि फुफ्फुस हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

---

सांजवात

मी रुग्णालयात परिचारिका आहे. फोटोडायनॅमिक उपचार (प्रकाशाने जागे होणारे औषध देऊन गाठ मारण्याचे उपचार) घेतलेल्या रुग्णांची काळजी घेतली आहे, म्हणून हा धागा फार जवळचा वाटला.

फोटोफ्रिन हे औषध शिरेतून देतात, मग गाठीवर ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात. औषध गाठीत जास्त साठते, पण त्वचेतही राहते. त्यामुळे किमान ३० दिवस ऊन आणि घरातला प्रखर दिवाही टाळायला सांगतात. नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, सनस्क्रीन लावून बाहेर नेऊ का?" नाही. सनस्क्रीन अतिनील किरण अडवते आणि हे औषध दृश्य प्रकाशाने जागे होते, त्यामुळे सनस्क्रीनचा उपयोग शून्य. अंगभर कपडे, टोपी, काळा चष्मा हाच उपाय. आणि दुसरे टोकही धोक्याचे: काही घरांत रुग्णाला अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवतात. तेही करायचे नाही. घरातला सौम्य उजेड अंगावर यायलाच हवा, कारण त्याने त्वचेत उरलेले औषध हळूहळू निष्क्रिय होते.

हे औषध नॅनोकण नाही हे मला ठाऊक आहे. पण असेच रेणू नॅनोकणांत भरून द्यायचे प्रयत्न चालू आहेत असे ऐकते. ते कण शरीरात जास्त दिवस राहिले तर रुग्णाने उजेड किती दिवस टाळायचा, हे कुणी आधी सांगेल का? घरी गेल्यावर त्या रुग्णाला उन्हाने पोळले तर सोसायचे त्यालाच असते.

---

कवडसा

सांजवात, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. कण शरीरात किती काळ राहतो आणि तेवढा काळ तो प्रकाशाला प्रतिसाद देत राहतो का, हे दोन्ही मोजायला हवे. मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडायचे तर कणाचा पाण्यातला व्यास साधारण ५.५ नॅनोमीटरच्या आत असावा लागतो, असे २००७ मध्ये क्वांटम डॉटवरच्या प्रयोगांत दिसले. औषध वाहून नेणारे बहुतेक कण त्याहून बरेच मोठे असतात. ते यकृत आणि प्लीहेत जाऊन साठतात.

फोटोडायनॅमिक उपचारांचा उगमही अंधार-उजेडाच्या तुलनेतच आहे. म्यूनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन रंगाचा पॅरामेशियमवर काय परिणाम होतो ते पाहत होता. उजेडात ते एकपेशीय जीव लवकर मरायचे, अंधारात तग धरायचे. हे निरीक्षण १९०० साली छापून आले. सव्वाशे वर्षांनंतर अंधारातली अर्धीच बाजू छापायची याला काही अर्थ नाही.

---

पाऊलखुणा

क्वांटम डॉटचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या टीव्हीच्या जाहिरातीत क्वांटम डॉट आहेत असे लिहिले होते. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यावरच होते ना? ते घरात असणे धोक्याचे आहे का?

---

स्फटिक

हो, बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह यांना मिळाले. टीव्हीतले डॉट प्लास्टिकच्या थरांत बंदिस्त असतात, तुमच्या पेशींपर्यंत पोचत नाहीत. टीव्ही फोडून आतला पापुद्रा खरवडू नका, एवढेच.

शरीरात टोचायचे म्हटले की चित्र बदलते. २००४ मध्ये डर्फस, चॅन आणि भाटिया यांनी यकृताच्या पेशींवर कॅडमियम सेलेनाइडचे डॉट तपासले. हवेत किंवा अतिनील प्रकाशात ठेवलेल्या डॉटचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झाला, कॅडमियमचे आयन सुटले आणि पेशी मेल्या. झिंक सल्फाइडचे कवच चढवल्यावर हा त्रास बराच कमी झाला, पण अतिनील प्रकाशात पूर्ण थांबला नाही. २०१२ मध्ये ऱ्हिसस माकडांवरचा अभ्यास आला. ९० दिवसांत माकडांमध्ये विषबाधेची ठळक लक्षणे दिसली नाहीत, मात्र कॅडमियमचा मोठा भाग यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांतच होता. माणसाच्या मूत्रपिंडात कॅडमियम कित्येक वर्षे ठाण मांडून बसते. ९० दिवसांची शांतता मला तरी पुरेशी वाटत नाही.

---

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो. प्लास्टिकच्या ताटलीतल्या पेशींना ना रक्ताभिसरण असते, ना यकृत, ना रोगप्रतिकारशक्ती. तिथे काहीही ओतले की त्या मरतात. त्यावरून इतकी काळजी केली तर कर्करोगावरचे चांगले उपचारही लांबणीवर पडतील. सोन्याचे लेप दिलेले कण घ्या. प्रोस्टेटच्या गाठींवर त्यांची मानवी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल छापले गेले, १६ रुग्ण होते आणि गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. सोने निष्क्रिय आहे, ते फक्त तापते. अडचण कुठे आहे?

---

कवडसा

उंबरठा, ती चाचणी मलाही आशादायक वाटते. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच, आकार साधारण १५० नॅनोमीटर, आणि लेझरचा प्रकाश थेट गाठीत नेऊन सोडलेला. उष्णता कुठे निर्माण होणार हे आधीपासून बांधलेले होते. चांगली रचना म्हणतात ती हीच. पण १६ जणांवरून दुर्मिळ दुष्परिणाम कळत नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल.

'सोने निष्क्रिय आहे' याला मात्र माझा आक्षेप आहे. सोन्याच्या नॅनोकांड्या बनवताना सीटॅब नावाचे द्रव्य वापरतात. ते साबणासारखे काम करते आणि पेशीपटल फोडते. नीट धुतले नाही तर पेशी सीटॅबने मरतात, दोष सोन्याला जातो. शिवाय जोरदार लेझरखाली या कांड्या वितळून गोल होतात आणि त्यांचा प्रकाश शोषण्याचा पट्टाच बदलतो. म्हणजे उपचार सुरू करताना जो पदार्थ होता तो शेवटी तसाच राहिलेला नसतो.

आणि लेझरची तीव्रता! ८०८ नॅनोमीटरला त्वचेसाठी मान्य मर्यादा साधारण ०.३३ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर आहे. शोधनिबंधांत १, कधी २ वॅट सर्रास वापरतात. मग 'फक्त गाठ मेली, निरोगी पेशी वाचल्या' या वाक्याचे वजन किती? अपकन्व्हर्जन कणांना (अवरक्त प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणाऱ्या कणांना) लागणारा ९८० नॅनोमीटरचा प्रकाश तर पाणीच शोषून घेते, कण नसले तरी ऊती तापतात. म्हणून कणांविना नुसत्या प्रकाशाचा गट हवा असे मी पुन्हा पुन्हा म्हणते.

ताटलीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण ताटलीत उजेडाचा प्रश्न विचारलाच नाही तर पुढे प्राण्यात आणि माणसात तो कोण विचारणार? उपचार लांबणीवर पडावेत असे मला मुळीच वाटत नाही. एखादा चांगला उपचार मानवी चाचणीत अनपेक्षित इजेमुळे बंद पडला तर तो लांबणीवरच काय, कायमचा जातो.

---

कोवळीक

मी संशोधक विद्यार्थिनी आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवर रंग चढवून दृश्य प्रकाशात चालणारे कण बनवतो. एमटीटी चाचणीत (रंग मोजून किती पेशी जिवंत आहेत ते ठरवणाऱ्या चाचणीत) उजेडातल्या पेशी १२० टक्के जिवंत येतात! मार्गदर्शक म्हणतात पेशींना कण मानवले. मला शंका वाटते. काय करू, ताई?

---

कवडसा

कोवळीक, तुझी शंका अगदी योग्य आहे, ती सोडू नकोस.

एमटीटीमध्ये जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचे जांभळे फॉर्मझान करतात आणि आपण साधारण ५७० नॅनोमीटरला रंग मोजतो. तुझे कण प्रकाशात इलेक्ट्रॉन सोडतात. ते इलेक्ट्रॉन एमटीटीला मिळाले तर पेशींशिवायच जांभळा रंग येतो. वर तुझ्या रंगद्रव्याचा स्वतःचा रंगही त्या मापनात मिसळत असेल. म्हणून पेशी न घालता फक्त मीडियम, कण आणि एमटीटी असा गट लाव, अंधारात आणि उजेडात. एमटीटी घालण्यापूर्वी कण धुऊन काढ आणि तो टप्पा अंधारातच कर. शिवाय दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी जोडीला घे, न्यूट्रल रेड (जिवंत पेशी जो रंग साठवतात तो मोजणारी) किंवा एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारे एन्झाइम मोजणारी). पण त्यांच्यातही कणांचा हस्तक्षेप होतो का ते तपासायचेच. एका चाचणीवर विसंबू नकोस.

ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीतल्या आक्रमक ऑक्सिजन-रेणूंचा मारा) मोजायला डीसीएफ हे चमकणारे रंगद्रव्य वापरत असशील तर जास्त जप. ते द्रव्य प्रकाशात स्वतःच ऑक्सिडाइझ होते. आधी प्रकाश देऊन मग द्रव्य घालणे त्यातल्या त्यात बरे.

प्रकाशाचा डोस नेहमी लिही. 'दिव्याखाली अर्धा तास' याला अर्थ नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४३२ क्रमांकाच्या प्रकाशविषारीपणाच्या चाचणीत अतिनील-ए चा डोस ५ जूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे १.७ मिलिवॅट तीव्रतेवर सुमारे ५० मिनिटे. तिथे अंधारातली आणि उजेडातली अर्ध्या पेशी मारणारी मात्रा काढून त्यांचे गुणोत्तर घेतात. २ च्या खाली असेल तर प्रकाशविषारी नाही, ५ किंवा त्याहून जास्त असेल तर आहे. ही चाचणी विरघळणाऱ्या रसायनांसाठी बेतलेली आहे, नॅनोकण तळाशी बसतात किंवा गोळा होतात. त्यामुळे आकडा आंधळेपणाने घेऊ नये, पण आराखडा म्हणून ती उत्तम आहे. कण सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) असलेल्या मीडियममध्ये टाकल्यावर किती मोठे होतात तेही मोजून ठेव. त्यांच्यावर प्रथिनांचे आवरण चढते आणि पेशीला भेटतो तो त्या आवरणासकटचा कण.

१२० टक्क्यांचा आलेख पेशीविरहित गटाच्या आलेखाशेजारी ठेवून मार्गदर्शकांना दाखव. वाद घालावा लागणार नाही.

---

कोवळीक

खूप खूप आभार, ताई! पेशीविरहित गट उद्याच लावते. एकच शेवटचे: अंधारातला गट हाताळताना लाल दिवा चालेल ना?

---

कवडसा

तुझ्या रंगद्रव्याचा शोषणाचा आलेख बघून ठरव. ६०० च्या पुढे काहीच शोषण नसेल तर चालेल. पण थॅलोसायनिनसारखे द्रव्य असेल तर ते ६७० च्या आसपास जोरात शोषते, आणि लाल दिवाच त्याला जागे करेल. तशा वेळी मंद हिरवा दिवा बरा. प्लेट अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ने-आण कर, आणि हूडमधली (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटातली) ट्यूब बंद करायला विसरू नकोस.